सॉल्ट स्प्रेचे तास आणि उघड्यावरची वर्षे

गंज-चाचणीच्या कामात नव्याने आलेल्या प्रत्येकाला लवकरच विचारले जाते की सॉल्ट स्प्रेच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवारणीच्या, चेंबरमधले पाचशे तास म्हणजे बाहेरची किती वर्षे. असा एकच गुणक मीही बराच काळ शोधला. तो अस्तित्वात नाही, आणि जो मार्गदर्शक तो तोंडपाठ सांगतो त्याच्याकडे मी तरी शंकेने पाहतो.

आयएसओ ९२२७ या सॉल्ट स्प्रे चाचणीच्या मानकानुसार ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या द्रावणाची अखंड फवारणी होते आणि चेंबरची तपासणी संदर्भ-पॅनेलांच्या वजनघटीवरून होते: ४८ तासांत चौरस मीटरमागे पोलादाची सुमारे ७० ग्रॅम, जस्ताची सुमारे ५० ग्रॅम. जाडीत मांडल्यास हे अनुक्रमे ९ आणि ७ मायक्रॉन होतात. आता बाहेरच्या वातावरणांची गंजकारकतेनुसार वर्गवारी करणाऱ्या आयएसओ ९२२३ मधील सी३ हे मध्यम वातावरण घ्या. तेथे पहिल्या वर्षी पोलाद २५ ते ५० मायक्रॉन झिजते, जस्त मात्र ०.७ ते २.१. म्हणजे तेच ४८ तास पोलादाच्या हिशेबाने दोन ते चार महिने ठरतात आणि जस्ताच्या हिशेबाने तीन ते दहा वर्षे! कारण साधे आहे: बाहेर जस्त भिजते, वाळते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्यावर कार्बोनेटयुक्त संरक्षक थर बसतो, चेंबरमध्ये त्याला वाळायला सवडच मिळत नाही. वेदरिंग स्टीलचा (ज्याच्यावरचा गंजच त्याचे रक्षण करतो ते पोलाद) थरही ओल्या-कोरड्या चक्राशिवाय नीट जमत नाही. म्हणून गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि रंगवलेले पोलाद यांची क्रमवारी केवळ सॉल्ट स्प्रेवरून लावू नका.

एवढ्याने चेंबर निरुपयोगी ठरत नाही. एकाच लेपाच्या दोन बॅचमधील फरक पकडायला तो उत्तम आहे, आणि प्रोहेजनसारख्या चक्रीय चाचण्या, ज्यांत फवारणीनंतर वाळवण असते, वास्तवाच्या बऱ्याच जवळ येतात.

उघड्यावर नमुने ठेवायच्या रॅकवरही घाई नडते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली कूपने (तोलून लावलेले धातूचे छोटे नमुने) आणि पाऊस सरल्यावर लावलेली कूपने यांचे पहिल्या काही महिन्यांचे आकडे सारखे येत नाहीत. जमिनीकडची बाजू पावसाने धुतली जात नसल्याने तिथे मीठ साचते, तेव्हा दोन्ही बाजू वेगवेगळ्या नोंदवा. गंज आम्लात काढताना न गंजलेले कूपनही सोबत बुडवून तोला, नाहीतर आम्लाने खाल्लेला धातू गंजाच्या खात्यात जमा होतो.

प्रबंधाच्या मुदतीत एकाच वर्षाचे निकाल हाती आले तर घाबरू नका, फक्त त्यांना दहाने गुणू नका, कारण झीज बहुधा काळाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. जादा कूपने रॅकवर राहू द्या आणि त्यांची मूळ वजने प्रयोगशाळेच्या वहीत लिहून ठेवा. ती कूपने पुढचा विद्यार्थी उतरवील.