पायथनमधून सीची लायब्ररी वापरताय? या चुका टाळा

"सर, माझ्या मशीनवर चालतंय." हिंजवडीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याची पाटी करून टेबलावर लावावी म्हणतो. खाली 'तुमचं मशीन कारखान्यात नेता येणार नाही' एवढंच.

पायथनमधून सीची फंक्शनं बोलावणारं सीटाइप्स हे मॉड्यूल २००६ पासून, म्हणजे पायथन २.५ पासून, पायथनसोबतच मिळतं. चार ओळी लिहिल्या की फंक्शन चालतं, आणि घाईतली मुलं तिथेच थांबतात. रेसटाइप, म्हणजे फंक्शन कुठल्या प्रकारची किंमत परत देतं ते, लिहायचा राहतो. तो नसला की सीटाइप्स धरून चालतं की फंक्शन साधा इंट (पूर्णांक) देतंय, ३२ बिटांचा. फंक्शन पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देत असेल, तर ६४ बिटांच्या मशीनवर त्याचा वरचा अर्धा भाग छाटला जातो. तक्रार कुणीच करत नाही.

भोसरीतल्या एका कारखान्यासाठी यंत्रांची कंपनं मोजायचं काम होतं. गणित सीमध्ये, बाकी पायथन. ऑफिसात नमुन्याच्या छोट्या फायलींवर आठवडाभर सगळं गुण्यागोविंदाने चाललं. कारखान्यात खरी फाईल दिली आणि सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्याला हात लागून प्रोग्रॅम कोसळला. आम्ही आधी रॅमला शिव्या दिल्या, मग सेन्सरवाल्याला. दोन दिवसांनी जीडीबी (चुका शोधायचा डीबगर) लावलं, तेव्हा दिसलं की पत्त्याचे पुढचे आकडेच गायब आहेत. लिनक्सवरचं मॅलॉक (मेमरी मागायचं सीचं फंक्शन) छोटी मागणी हीप या मेमरीच्या साठ्यातून भागवतं, आणि आमच्या पायथनच्या बिल्डमध्ये हा हीप ३२ बिटांत मावेल इतक्या खालच्या पत्त्यांवर होता. मागणी साधारण १२८ केबीच्या वर गेली की मॅलॉक एममॅपकडे वळतं, म्हणजे सिस्टिमकडून मेमरीचा वेगळा तुकडा घेतं. ते पत्ते फार वरचे. चूक पहिल्या दिवसापासून होती, छोट्या फायलींनी ती झाकली होती. (सेन्सरवाल्याला चहा पाजला.)

तेव्हापासून हेडर फाईल शेजारी उघडी ठेवतो आणि प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स (आत जाणाऱ्या किमतींचे प्रकार), रेसटाइप हाताने लिहितो. फंक्शन व्हॉइड असलं, म्हणजे काहीच परत देत नसलं, तरी रेसटाइप नन लिहितो. कंटाळा येतो, येऊ दे. पहिली चाचणीही मोठ्या बफरवर घेतो, दहा आकड्यांच्या अ‍ॅरेवर नाही.

दुसरं माझं दुखणं कॉलबॅक, म्हणजे सीने नंतर बोलवायचं पायथनचं फंक्शन. सीटाइप्सच्या सीएफंकटाइपमध्ये गुंडाळलेलं फंक्शन थेट कॉलमध्येच तयार करून दिलं की पायथनच्या लेखी त्याला कुणी वाली उरत नाही, आणि गार्बेज कलेक्टर (बिनवापराची मेमरी साफ करणारा) ते उचलून नेतो. सी मात्र नंतर त्याच पत्त्यावर हाक मारतं. कधी चालतं, कधी कोसळतं. मी तो ऑब्जेक्ट सरळ क्लासमध्ये धरून ठेवतो.

बाकीच्या चुका पटापट. लायब्ररी सी++ मध्ये असेल तर फंक्शनला एक्स्टर्न सी लावा, नाहीतर कंपायलर नाव बदलतो आणि ते सापडत नाही. क्लासेस असतील तर सीटाइप्सशी झटापट करू नका, पायबाइंड११ ही सी++ पायथनला जोडणारी लायब्ररी घ्या. लायब्ररीने दिलेली मेमरी लायब्ररीच्याच फंक्शनने सोडा. अशा मेमरीत स्ट्रिंग असेल तर तिला रेसटाइप सी_कॅर_पी देऊ नका, हातात बाइट्स येतात आणि मूळ पॉइंटर जातो, मग मेमरी सोडता येत नाही. नमपायचा ट्रान्सपोज केलेला अ‍ॅरे (ओळी-स्तंभ उलटवलेला) तसाच पाठवू नका, मेमरीत आकडे जुन्याच क्रमाने असतात. फॉल्टहँडलर (कोसळताना पायथनची कुठली ओळ चालू होती ते दाखवतो) चालू करायला एक ओळ लागते, तीही कुणी लिहीत नाही.

आणि नव्याकोऱ्या उबुंटूवर बांधलेली लायब्ररी जुन्या सर्व्हरवर जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) हवी ती आवृत्ती सापडत नाही म्हणून अडली, तर इंटरनेटवरून जीलिबसी उतरवून तिथे कोंबू नका. मी सर्व्हरच्याच आवृत्तीचा कंटेनर (सिस्टिमची वेगळी, बंदिस्त प्रत) घेतो आणि त्यात बिल्ड करतो. अर्धा तास जातो.