व्हिएतनाम वॉरचा कोरलेला झिपो हातात आला तर आधी काय बघायचं

हो ची मिन्ह सिटीला फिरायला गेलात की बाजारात हमखास कोणीतरी व्हिएतनाम वॉरमधल्या अमेरिकन सैनिकाचा लायटर म्हणून जुना, नाव-गाव कोरलेला झिपो (अमेरिकन कंपनीचा झाकणाचा धातूचा लायटर) पुढे करतो, आणि त्यातले भरपूर नकली असतात. म्हणून कोरलेलं नाव वाचून लगेच गलबलून जाऊ नका, आधी लायटर उलटा करा.

बुडाशी झिपो शब्दाच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा दिसतील, ते वर्ष. डावीकडे ४ आणि उजवीकडे ४ रेघा म्हणजे १९६६, ४-३ म्हणजे १९६७, ३-३ १९६८, ३-२ १९६९, २-२ १९७०. आता वर "दा नांग ६७-६८" (व्हिएतनाममधलं शहर आणि ड्यूटीची वर्षं) कोरलेलं आणि खाली २-२ रेघा असतील तर गडबड आहे, कारण आर्मीवाल्याची तिथली ड्यूटी साधारण १२ महिन्यांची असायची, मरीनची १३, मग ७० सालचा लायटर त्याच्याकडे येणार कुठून? बाहेरचं कवच जुनं आणि कोरलेली तारीख नंतरची असेल तर चालतं. आतला ओढून काढायचा भाग वेगळ्या वर्षाचा निघाला तरी हरकत नाही, कंपनी फुकट रिपेअर करून द्यायची, त्यात बदललेला असू शकतो. पण रेघाही नकली मारता येतात, तेव्हा एवढ्यावर थांबू नका.

भिंग घ्या, टॉर्च आडवा धरा आणि अक्षरांच्या कडा बघा. खऱ्यात खिशातल्या घासण्याचे ओरखडे अक्षरावरूनही गेलेले असतात, कडा गुळगुळीत, खाचेत काळा मळ घट्ट बसलेला. अक्षरानेच जुने ओरखडे कापले असतील तर कोरीवकाम नंतरचं. मला सगळ्यात भरवशाची खूण हीच वाटते.

आणि प्लीज, पितांबरी नको, ब्रासो नको! कोपऱ्यावरचा क्रोम झिजून पितळ दिसतंय ना, ते त्या पोराच्या अंगठ्याने झिजलंय, ते एकदा घासलं की गेलं. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बास. आतल्या भागाच्या खालचा स्क्रू हळू सोडवून ठिणगी पाडणारा दगड मात्र नक्की काढा (स्प्रिंग उडते, बोट धरा), जुना दगड फुगून नळीत अडकतो. पेट्रोल भरू नका, सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात ठेवा.

पूर्ण नाव असेल तर वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम मेमोरियलची यादी ऑनलाइन बघा, ५८ हजारांहून जास्त नावं आहेत, पण ती फक्त गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची. तिथे नसेल तर अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला (तिथे माजी सैनिकांच्या नोंदी असतात) लिहा, थोडी माहिती देतात, त्यावरून घरच्यांचा माग लागू शकतो.