एका बॉयलरवर दोन घरं: सगळा खेळ चरातल्या पाइपचा

अमेरिकेत मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडच्या शेतांवर अंगणातल्या एकाच लाकडी बॉयलरवर दोन घरं तापवतात. तत्त्व आपल्या तांब्याच्या बंबाचंच: मध्ये जाळ, भोवती पाणी.

दोन्ही घरांची उष्णतेची गरज किलोवॅटमध्ये काढून बेरजेला पुरेल असा, ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं) प्रमाणपत्र असलेला बॉयलर घ्या. त्याखाली काँक्रीटचं जोतं घाला, तिथून घरांपर्यंत पाइपसाठी चर खणा.

आता पाइप. इथेच लोक पैसे वाचवतात आणि पुढे दर हिवाळ्यात सरपणाने ते फेडतात. फॉइल-बबल (चंदेरी, हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक) गुंडाळून नळकांड्यात सरकवलेली स्वस्त पाइप अजिबात घेऊ नका. नळकांड्यात पाणी शिरलं की ती पाइप थेट ओल्या मातीत पुरल्यासारखीच. पॉलीयुरेथेन फोम पाइपला घट्ट चिकटलेला, वरचं आवरण जलरोधक, आतली पेक्स (गरम पाण्याची लवचीक प्लास्टिक पाइप) ऑक्सिजन-रोधक, अशीच मागा. जमिनीखाली सांधा नको.

हिशेब करून बघा. मिनिटाला 30 लिटर पाणी वाटेत 3 अंश निवलं, तर 6 किलोवॅट मातीत गेले. म्हणजे दिवसाला पन्नासेक किलो सुकं लाकूड! चांगल्या पाइपमध्ये 30 मीटरला एक अंशही उतरत नाही.

एक इंची पेक्समधून मिनिटाला 30 लिटर, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यातल्या 11 अंशांच्या फरकाने 23 किलोवॅट मिळतात. अंतर लांब असेल तर सव्वा इंची घ्या. मोठा पंप हा त्यावर उपाय नव्हे.

प्रत्येक घराला जाणाऱ्या-येणाऱ्या पाइपची स्वतंत्र जोडी आणि स्वतंत्र पंप द्या. पहिल्या घरातून निघालेलं पाणीच पुढे दुसऱ्याला दिलं, तर कडाक्याच्या थंडीत दुसरं घर गारठतं.

घरात गरम पाण्याची जुनी बंद प्रणाली असेल तर मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारा), गरम हवेची भट्टी असेल तर तिच्या डक्टमध्ये (हवेच्या नळीत) गरम पाण्याची कॉइल.

बॉयलरकडे परतणारं पाणी 60 अंशांखाली नको. दोन घरं एकदम उष्णता ओढतात तेव्हा ते हमखास खाली जातं. मग जाळपेटीच्या भिंतीला घाम फुटतो, डांबर चिकटतं, पोलाद सडतं. परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळून ते 60 च्या वर ठेवणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवाच. पाण्यात गंजरोधक घाला. लाकडात ओल 20 टक्क्यांच्या आत हवी.

पहिला बर्फ पडला की चरावरून चालत जा. बर्फात वितळलेला काळा पट्टा दिसला, तर त्या घरच्या पाइपची दोन्ही टोकं उघडून आवरणातून पाणी ठिबकतंय का ते बघा.