दूरचित्रवाणी आणि रेडिओच्या कार्यक्रमांसाठी संशोधन कसे करावे

निर्मात्याने विषय सांगताच संशोधकाने वाचनात बुडून जाऊ नये. कार्यक्रमाची लांबी, त्याचा प्रेक्षक किंवा श्रोता, प्रसारणाची तारीख आणि खर्चाची मर्यादा आधी विचारून घ्यावी, म्हणजे कोणती माहिती शोधायची आणि कोणती सोडायची हे ठरवता येते.

या कामातला सर्वांत मोलाचा भाग, माझ्या मते, योग्य माणूस शोधणे हा आहे. विषयाचा जाणकार आणि प्रत्यक्ष अनुभव घेतलेला माणूस हे बहुधा वेगवेगळे असतात आणि कार्यक्रमाला दोघेही लागतात. फोनवर पहिल्यांदा बोलताना त्यांचे म्हणणे कितपत स्पष्ट आहे, रेडिओ असेल तर आवाज ऐकत राहावासा वाटतो का, आणि दूरचित्रवाणी असेल तर दाखवण्याजोगी जागा, वस्तू किंवा हातांचे काम त्यांच्याकडे आहे का, हे पाहावे. मात्र सगळी हकीकत तेव्हाच काढून घेऊ नये. तीच गोष्ट पुन्हा सांगताना माणूस ‘मघाशी म्हटल्याप्रमाणे’ असे म्हणू लागतो आणि तिचा ताजेपणा जातो. कार्यक्रम थेट आहे की ध्वनिमुद्रित, आणखी कोण बोलणार आहे आणि संकलनात भाग वगळला जाऊ शकतो, हे त्यांना आधीच सांगावे. विश्वासाने बोलणाऱ्या माणसाला अंधारात ठेवणे अन्यायाचे आहे.

प्रत्येक विधानासमोर त्याचा स्रोत लिहावा आणि ते दुसऱ्या स्वतंत्र स्रोताशी ताडून पाहावे. एकाच वृत्तसंस्थेची बातमी दोन वर्तमानपत्रांत आली, तर तो एकच स्रोत होय. नावांचा उच्चार ज्याच्या त्याच्याकडूनच विचारून निवेदकाच्या टिपणात नोंदवावा.

इंटरनेटवर दिसणारे छायाचित्र वापरण्यास मोकळे असतेच असे नाही. गाण्याची रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात; कलावंत, ध्वनिमुद्रण-निर्माते आणि प्रसारणसंस्था यांच्या हक्कांसाठी 1961 साली रोम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यामुळे परवानगी घेताना कोणत्या माध्यमासाठी, कोणत्या प्रदेशात आणि किती काळासाठी, हे लेखी घ्यावे.

संकलन पूर्ण झाल्यावर कार्यक्रम टिपण हातात घेऊन पुन्हा पाहावा किंवा ऐकावा, कारण वेळ वाचवण्यासाठी ‘बहुधा’ किंवा ‘काही ठिकाणी’ एवढेच शब्द कापले गेले, तरी खरे विधान खोटे ठरते.