सोयाबीनमध्ये क्रॉस कसा करायचा: कळीपासून मार्करपर्यंत

सोयाबीनचं नवीन वाण म्हटलं की हल्ली जो तो मार्करबद्दल (डीएनएवरची खूण, जिच्यावरून हवा तो जीन झाडात आहे का ते कळतं) विचारतो. मार्कर कामाचाच आहे, त्यावर पुढे येतेच, पण इंदूरच्या काळ्या जमिनीत इतकी वर्षं क्रॉसिंग, म्हणजे दोन वाणांचा संकर, केल्यावर खात्रीने सांगते, नवीन माणूस लॅबमध्ये नाही अडकत, ऑगस्टच्या चिखलात अडकतो, कारण फूल असतं जेमतेम पाच-सात मिलिमीटरचं आणि पराग कळी उमलायच्या आधीच आतल्या आत पडलेला असतो. म्हणूनच या पिकात आपोआप होणारा संकर १ टक्क्याहूनही कमी, जे करायचं ते हातानेच.

आधी एकच दोष ठरवा आणि तोच सुधारा. जबलपूरहून १९९४ मध्ये आलेलं जेएस ३३५ हे वाण घ्या, उत्पन्नाला इतकं चांगलं की वर्षानुवर्षं शेतकऱ्यांनी सोडलं नाही, पण पिवळा मोझॅक हा रोग आला की झोपतं. तर त्याच्यासाठी मोझॅकला टिकणारा दुसरा पालक शोधायचा, बस. उत्पन्न, तेल, प्रोटीन, लवकर येणं, सगळं एकाच क्रॉसमधून काढायला जाऊ नका.

पेरणी जून अखेरीस, पाऊस लागला की. दोन्ही पालकांचा फुलण्याचा काळ वेगळा असेल तर नर ८-१० दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा पेरा. आणि जमत असेल तर मादी पांढऱ्या फुलाची, नर जांभळ्या फुलाचा. जांभळा रंग पांढऱ्यावर वरचढ असतो, त्याचा फायदा पुढे सांगते.

आता कळी. उद्या उमलणार ती कळी हवी, म्हणजे पाकळीचं टोक हिरव्या निदलांमधून (कळीवरचं बाहेरचं आवरण) नुकतंच बाहेर दिसायला लागलंय अशी. पाकळ्या चांगल्या बाहेर आल्या असतील तर सोडून द्या, आत सेल्फ, म्हणजे स्वतःच्याच परागाने फलन, होऊन गेलेलं असतं. फार कोवळी घेतली तर हात लावताच गळते. एका पेऱ्यावर एक, फार तर दोन कळ्या ठेवा, बाकी सगळं खुडा, उमललेली फुलं, लहान कळ्या, बगलेत लपलेला तो बारीक हिरवा ठिपकासुद्धा. याच ठिपक्यातून नंतर फूल येतं, शेंग धरते आणि टॅग तुमच्या क्रॉसचा असला तरी शेंग सेल्फची निघते. आठवड्याने परत जाऊन पुन्हा खुडायचं, हे काम टाळणाऱ्या माणसाला क्रॉसिंगला बसवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चिमटा घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात तसा बारीक टोकाचा. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत कळी अलगद धरा, निदलाचं टोक पकडून खाली आणि बाजूला ओढा, असं गोल फिरत पाचही काढा. मग पाकळ्यांचा अख्खा पुंजका बुडाच्या थोडं वर तिरका धरून हलकेच डोलवत एकाच खेपेत वर उचला. एकेक पाकळी सोलत बसलात तर कुक्षी (पराग जिथे लागतो ते मादी भागाचं टोक) मोडलीच समजा. पाकळ्या निघाल्या की मधे कुक्षी आणि भोवती दहा पुंकेसर (पराग देणारे नर भाग) दिसतात, कधी पाकळ्यांबरोबरच येतात, राहिले तर काढा. मला हे जमायला पूर्ण सीझन गेला होता आणि हात बसेपर्यंत रोज कळ्या वाया जातातच, त्याला इलाज नाही.

संध्याकाळी पुंकेसर काढा, पिशवी बांधा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावा, हा सल्ला दुसऱ्या पिकांवरून उचललेला आहे, सोयाबीनला कृपा करून लावू नका. इथे कुक्षी उमलण्याच्या आदल्या दिवशीच तयार असते, त्यामुळे तिथल्या तिथे पराग लावायचा. पिशवीचीही गरज नाही, पाकळ्या नसलेल्या फुलाकडे कीटक क्वचितच फिरकतो, उलट आपल्या मालव्याच्या दमट हवेत पिशवीत पाणी धरतं आणि कळी कुजते. फार तर शेजारचं पान वर वळवून द्या.

नराचं फूल त्याच सकाळी उमललेलं ताजं घ्यायचं, पाकळ्या काढून पुंकेसरांचा झुपका सरळ कुक्षीवर हलकेच टेकवायचा, आणि भिंगातून पिवळी पूड दिसलीच पाहिजे, दिसली नाही तर दुसरं फूल घ्या. पावसाने भिजलेल्या फुलाचा पराग गोळा होतो, तो वापरू नका. झिमझिम असेल तर नराची फुलं तोडून कोरड्या डबीत सिलिका जेलवर ठेवा, पाऊस थांबला की वापरा. आणि कळ्या गळाल्या म्हणून खचू नका, सोयाबीन आपली स्वतःची फुलंही ढिगाने गाळतं.

शेंगा काढताना बुडाकडे बघा. आपण निदलं काढलेली असतात, म्हणून खऱ्या क्रॉसच्या शेंगेच्या बुडाला निदलं नसतात. निदलं शाबूत असतील तर ती शेंग सेल्फची, टॅग काहीही म्हणो, टाकून द्या. एका शेंगेत एक ते तीन दाणे, म्हणजे प्रत्येक दाणा मोलाचा.

पुढच्या हंगामात एफ-वन, म्हणजे क्रॉसच्या दाण्यांपासूनची पहिली पिढी. पांढऱ्या मादीच्या दाण्यातून आलेल्या झाडाला जांभळं फूल आलं तर क्रॉस खरा, पांढरं आलं तर उपटा. रंग सारखेच असतील तर एसएसआर मार्करने (हा डीएनए मार्करचा एक प्रकार) तपासा, दोन्ही पालकांचे बँड, म्हणजे डीएनएच्या पट्ट्या, दिसले पाहिजेत.

एफ-टूपासून (एफ-वन सेल्फ होऊन आलेली पुढची पिढी) एफ-फाइव्हपर्यंत प्रत्येक झाडाची एकेक शेंग घेऊन पुढे जात राहा. एफ-टूमध्ये एकट्या झाडाचं उत्पन्न बघून निवड करणं मला अजिबात पटत नाही, ते निम्मं जागेवर अवलंबून असतं. लवकर येणं, शेंग न तडकणं, रोग, एवढंच बघा.

मार्करचा खरा उपयोग कुठे, तर लपलेल्या जीनसाठी. सोयाबीनमधला कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर पचनात अडथळा आणतो म्हणून दाणे उकळावे लागतात, आणि तो नसण्याचा गुण रिसेसिव्ह आहे, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती तशा असल्या तरच दिसतो. चांगल्या वाणाशी बॅकक्रॉस (संकराचा पुन्हा त्याच वाणाशी क्रॉस) केला की निम्म्या झाडांत तो जीन असतो पण दाण्याच्या प्रोटीन टेस्टमध्ये दिसत नाही, मार्कर नसेल तर दर बॅकक्रॉसनंतर एक पिढी सेल्फ करून बघावं लागतं. सॅट २२८ सारख्या, त्या जीनच्या जवळच्या मार्करने कोवळ्या पानाच्या डीएनएवरच कळतं, फुलं येण्याआधी, आणि त्याच हंगामात पुढचा क्रॉस करता येतो. इथल्या खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचं एनआरसी १२७ हे असंच मार्करच्या मदतीने केलेलं, इनहिबिटर नसलेलं वाण. सरासरीने पहिल्या बॅकक्रॉसनंतर मूळ वाणाचा ७५ टक्के भाग परत येतो, दुसऱ्यानंतर ८७.५, तिसऱ्यानंतर ९३.७५. पण मार्कर म्हणजे जीन नाही, दोघांची जोडी मधे तुटू शकते, म्हणून शेवटच्या लाइनचे (निवडून पक्क्या केलेल्या वंशाचे) दाणे प्रोटीन जेलवर (प्रोटीन वेगळी करून दाखवणारी चाचणी) तपासल्याशिवाय जाहीर करू नका.

लाइन पक्की झाली की अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या चाचण्या, साधारण तीन वर्षं, वेगवेगळ्या ठिकाणी. बी तेवढं दर वर्षी ताजं करत राहा, सोयाबीनची साल पातळ असते, उगवण लवकर घसरते, पोती आपटू नका आणि पत्र्याच्या शेडखाली उन्हाळाभर ठेवू नका.