सर्पदंशानंतर रक्त गोठते की नाही : वीस मिनिटांची चाचणी कशी करावी

घोणस किंवा फुरसे चावलेल्या रुग्णाच्या शरीरात विषातील विकरांनी (एन्झाइमांनी) कितपत हानी केली आहे, हे डोळ्यांनी पाहण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याचे थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे स्थिर ठेवणे. या चाचणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही आणि लहानशा आरोग्यकेंद्रातही ती करता येते. परंतु ती सोपी वाटते म्हणूनच घाईगर्दीत निष्काळजीपणे केली जाते आणि मग प्रतिविष द्यायचे की नाही हा निर्णयच चुकतो. म्हणून हे मार्गदर्शन रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि डॉक्टर यांच्यासाठी आहे.

चाचणीचा अर्थ कळण्यासाठी आधी विषाचे कार्य समजून घ्यावे लागते. घोणशीच्या विषातील एक विकर रक्तातील दहाव्या गोठण-घटकाला आणि दुसरे पाचव्या घटकाला चेतवते, तर फुरशाच्या विषातील विकर थेट प्रोथ्रॉम्बिन या गोठण-घटकावर काम करते. म्हणजे ही विकरे खरे तर रक्त गोठवणारी आहेत, आणि तरीही अशा रुग्णाचे रक्त गोठत नाही, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. घडते ते असे की, गोठण्याची प्रक्रिया सगळ्या रक्तप्रवाहात एकाच वेळी सुरू होते, त्यात गुठळीचे तंतू ज्यापासून बनतात ते फायब्रिनोजेन हे प्रथिन झपाट्याने खर्ची पडते, तयार झालेले बारीक तंतू शरीर स्वतःच विरघळवून टाकते आणि थोड्याच वेळात गुठळी बांधण्यासाठी लागणारे हे प्रथिनच शिल्लक राहत नाही. त्याच वेळी विषातील जस्तयुक्त प्रथिनभंजक विकरे केशवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणारे कोलॅजन तोडतात. एकीकडे भिंत फुटलेली आणि दुसरीकडे ती बुजवण्याचे साधन संपलेले, असे दोन्ही एकत्र आले की हिरड्यांतून, लघवीतून आणि क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो.

आता प्रत्यक्ष कृती. नळी साध्या काचेची, नवी, स्वच्छ आणि पूर्ण कोरडी असली पाहिजे. काचेच्या पृष्ठभागाचा स्पर्श झाल्यामुळेच रक्ताची नैसर्गिक गोठण-प्रक्रिया सुरू होते, त्यामुळे प्लॅस्टिकची नळी येथे चालत नाही. साबणाच्या पाण्याने धुतलेली जुनी नळीही तितकीच घातक आहे, कारण काचेवर राहिलेल्या साबणाच्या पातळ थरामुळे निरोगी माणसाचे रक्तदेखील पातळच राहू शकते आणि विष भिनलेले नसताना प्रतिविष दिले जाते. माझ्या मते सर्पदंशाच्या साहित्यात अशा नळ्यांचा वेगळा डबा ठेवणे, ही या चाचणीतील सर्वांत महत्त्वाची तयारी आहे. गोठणरोधक द्रव्य घातलेली नळी चुकूनही हाती येऊ नये.

रक्त कोपराच्या घडीतील शिरेतून घ्यावे, कारण तेथे नंतर दाबून धरता येते. मान किंवा जांघ येथील खोल शिरांना आणि कोणत्याही धमनीला सुई लावणे टाळावे. दोन मिलिलिटर ताजे रक्त सिरिंजमधून लगेच नळीत सोडावे, घड्याळातील वेळ नळीवर लिहावी आणि नळी खोलीच्या तापमानाला उभी ठेवावी. या वीस मिनिटांत ती हलवू नये, तिरकी करून ‘झाले का’ असे मधेच पाहू नये. वेळ पूर्ण झाल्यावर नळी एकदाच उलटी करावी. रक्ताची घट्ट गुठळी तळाशी चिकटून राहिली, तर रक्त गोठते आहे. रक्त पाण्यासारखे ओघळून खाली आले, तर फायब्रिनोजेन अत्यंत कमी झाले आहे, आणि अशा रुग्णाला प्रतिविषाची गरज आहे. शंका वाटल्यास त्याच प्रकारच्या दुसऱ्या नळीत एखाद्या निरोगी व्यक्तीचे रक्त घेऊन दोन्ही नळ्या शेजारी ठेवाव्यात.

पहिल्या वेळी गुठळी झाली म्हणून रुग्णाला घरी पाठवू नये. फायब्रिनोजेन बरेच घटल्याशिवाय या चाचणीत रक्त न गोठलेले दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीची घट तिच्यातून निसटते आणि चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. शिवाय नाग आणि मण्यार यांच्या दंशात रक्त बहुधा नीट गोठते. मण्यारीच्या विषातील फॉस्फोलायपेज विकर मज्जातंतूंच्या टोकांची नासधूस करते, म्हणून तेथे जड झालेल्या पापण्या, गिळताना होणारा त्रास आणि मंदावणारा श्वास यांवर लक्ष ठेवावे लागते. नळीतील चांगली गुठळी पाहून कोणी या लक्षणांकडे दुर्लक्ष केले, तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो.

प्रतिविष दिल्यावर पुढची चाचणी सहा तासांनी करावी. प्रतिविषातील प्रतिपिंडे मोकळ्या विषाला बांधून निकामी करतात, पण खर्ची पडलेले फायब्रिनोजेन ती निर्माण करत नाहीत. ते काम यकृताचे आहे आणि विषाचा मारा थांबल्यानंतर गुठळी होण्याइतके फायब्रिनोजेन तयार करण्यास त्याला साधारण तेवढा वेळ लागतो. तासाभरातच चाचणी केली तर रक्त पातळच दिसते आणि विनाकारण आणखी प्रतिविष दिले जाते. सहा तासांनंतरही रक्त गोठले नाही, तर विष अजून सक्रिय आहे असे समजून प्रतिविषाची मात्रा पुन्हा द्यावी.

रक्त गोठत नाही असे दिसल्यापासून स्नायूत इंजेक्शन देऊ नये आणि वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे वापरू नयेत. पॅरासिटामॉल चालते. दंशाच्या जागी चिरा देणे तर सर्वथा वर्ज्य आहे. हेपॅरिन या गोठणरोधक औषधाचाही येथे उपयोग नाही, उलट त्याने रक्तस्राव वाढू शकतो. प्लाझ्मा (गोठण-घटक असलेला रक्तातील द्रवभाग) द्यायचाच असेल, तर आधी प्रतिविष द्यावे, नाहीतर शिरेत शिल्लक असलेले विकर बाहेरून आलेले घटकही तसेच संपवून टाकते.

रक्त एकदा गोठू लागले म्हणजे देखरेख संपली, असे नाही. दंशाच्या जागी साचलेले विष पुढेही हळूहळू रक्तात उतरत राहते आणि एक-दोन दिवसांनी रक्त पुन्हा पातळ होऊ शकते. म्हणून रुग्ण दाखल असेपर्यंत चाचणी चालू ठेवावी, प्रत्येक वेळचा निकाल वेळेसह रुग्णपत्रिकेत नोंदवावा आणि त्याच्या शेजारीच लघवीचे प्रमाण व रंग लिहावा, कारण घोणशीच्या दंशात मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याची पहिली खूण बहुधा तेथेच सापडते.