स्वॅब पॉझिटिव्ह आला आणि कोणी एफएमटी सुचवली तर आधी काय काय बघायचं

माझ्या सासऱ्यांचं किडनी ट्रान्सप्लांटचं चाललं होतं, तेव्हा त्यांचा रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून काडीने घेतलेला नमुना) घेतला आणि त्यात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही दाद न देणारा. घरात सगळे एकदम गप्प. दुसऱ्या दिवशी धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, मी वाचलंय, निरोगी माणसाची शी आतड्यात सोडली की हे जंतू जातात, मी देतो ना माझी." यालाच एफएमटी (फिकल मायक्रोबायोटा ट्रान्सप्लांट) म्हणतात. पोरगा मनापासून बोलत होता. मग महिनाभर डॉक्टरांना, लॅबमधल्या ताईंना विचारून विचारून जे कळलं ते इथे लिहितेय, दुसऱ्या कुणाच्या घरी ही वेळ आली तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी डॉक्टरांना हे विचारा, की हे इन्फेक्शन आहे का जंतू नुसते आतड्यात बसलेत? ताप नाही, लघवीला जळजळ नाही, फक्त स्वॅब पॉझिटिव्ह, तर बहुतेक नुसते बसलेत. अशा वेळी "काहीतरी अँटिबायोटिक द्या ना" असा आग्रह अजिबात धरू नका, कारण त्याने चांगले जंतू मरतात आणि या दांडग्यांना अजून मोकळं रान मिळतं. पुष्कळांचे आपोआपही जातात. नेदरलँड्सच्या प्रवाशांवर मोठा अभ्यास झालाय, 2017 साली छापून आला, परदेशातून ईएसबीएलवाले (म्हणजे बरीच नेहमीची अँटिबायोटिक्स निकामी करणारे) जंतू घेऊन आलेल्यांपैकी निम्म्यांचे साधारण महिन्याभरात गेले आणि वर्षाने 11 टक्क्यांकडेच उरले. अर्थात ती धडधाकट माणसं, दवाखान्यात पडून असलेल्याला जास्त वेळ लागू शकतो.

आता एफएमटी. सी-डिफ नावाच्या जंतूचे जुलाब परत परत होतात त्यावर ही खरंच छान चालते, 2013 च्या डच ट्रायलमध्ये 16 पैकी 13 जण पहिल्याच डोसला बरे झाले. पण आपला प्रश्न वेगळा आहे, अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू घालवायचेत. त्यावर 2019 मध्ये 39 जणांची ट्रायल आली, त्यात आधी पोटातून अँटिबायोटिक आणि मग एफएमटी दिलेल्या 22 पैकी 9 जणांचे जंतू गेले आणि काहीच न दिलेल्या 17 पैकी 5 जणांचे. म्हणजे फरक दिसतो, पण ठामपणे म्हणावं इतका नाही. म्हणून कोणी "हमखास जातील" म्हणालं तर तिथून उठा. ट्रायल आहे का, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, पेशंटला खरंच गरज आहे का (ट्रान्सप्लांट, केमो, वारंवार तेच इन्फेक्शन), हे तिन्ही विचारा.

आणि खरी मेख डोनरमध्ये आहे. जून 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) इशारा दिला, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोघांना एकाच डोनरच्या स्टूलमधून ईएसबीएल ई-कोलाय गेला आणि त्यातला एक दगावला, त्या स्टूलची ती टेस्ट झालीच नव्हती. आपल्याकडे तर हे अजून जपायला हवं, त्याच डच प्रवाशांच्या अभ्यासात दक्षिण आशियात फिरून गेलेल्या चारपैकी तिघांनी हे जंतू सोबत नेले होते, मग इथे जन्मभर राहणाऱ्यांचं काय! आमच्या दीराची स्टूल तपासली, ईएसबीएल पॉझिटिव्ह. पोराला कधी साधी सर्दी नाही, पण दोन महिन्यांपूर्वी केमिस्टकडून ॲझिथ्रो ही अँटिबायोटिकची गोळी घेऊन खाल्ली होती. म्हणून "घरचाच माणूस आहे, निरोगी आहे" यावर जाऊ नका. डोनरने तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का, तो ॲडमिट होता का, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी, जंत, सी-डिफ, ईएसबीएल, सीआरई (मेरोपेनेमसारख्यांना न जुमानणारे), व्हीआरई (व्हँकोमायसिनला न जुमानणारे) या टेस्ट कोणत्या तारखेला झाल्या, रिपोर्ट हातात मागा. संकोच करू नका.

घरी मिक्सरमध्ये करायचे व्हिडिओ फिरतात ते कृपा करून बंद करा. लॅबमध्ये निदान 30 ग्रॅम स्टूल सहा तासांच्या आत सलाईनमध्ये कालवतात, गाळतात, ग्लिसरॉल घालून उणे 80 डिग्रीला ठेवतात. लॅबमधल्या ताईंनी एक पिशवी दाखवली, पातळ पिठल्यासारखं पिवळट दिसतं, कोमट पाण्यात वितळवून मोठ्या सिरिंजने कोलोनोस्कोपमधून आत सोडतात, किंवा नाकातल्या नळीने, काही ठिकाणी कॅप्सूल. पेशंटचं चालू अँटिबायोटिक कधी थांबवायचं ते डॉक्टरच सांगतील, आणि पोट साफ करायचं औषध किडनीवाल्याने नेफ्रोलॉजिस्टला विचारल्याशिवाय पिऊ नये, पाण्याचा हिशोब चुकतो. नंतर दोन दिवस गॅस, कळ, पातळ होणं चालतं. ताप किंवा थंडी वाजली की थेट हॉस्पिटल.

पुढे स्वॅब एकदा निगेटिव्ह आला म्हणून पेढे वाटू नका, थोड्या थोड्या दिवसांनी परत करतात. दाताच्या डॉक्टरने अँटिबायोटिक लिहिलं तर घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करा, केलेलं सगळं एका कोर्सने धुपून जाऊ शकतं. संडासनंतर साबणाने हात, वेगळा टॉवेल, हे जंतू असेपर्यंत पाळाच.

आमच्या डॉक्टरांनी शेवटी एफएमटी नको म्हटलं, वाट बघू म्हणाले, आम्ही बघतोय. सासऱ्यांचा तो स्वॅबचा रिपोर्ट मी त्यांच्या फायलीत सगळ्यात वर लावलाय आणि नवीन कुठेही नेलं की आधी तोच दाखवते, म्हणजे ताप आला तर पहिलं औषध चुकीचं पडू नये.